माशाची जात

मिरजेच्या लॅबमध्ये माझं काम एवढंच :
तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापायचा,
नळीत घालून छप्पन्न अंशांवर ठेवायचा
आणि तो विरघळेपर्यंत
डबा खायचा.

मग थंडगार अल्कोहोलमध्ये
पांढरा धागा तरंगतो,
जानव्याहून कितीतरी बारीक.

या आठवड्यात विश्रामबागच्या मॉलमधली पाकिटं.
वर पापलेटचं चित्र, लिंबाची फोड, कोथिंबीर.
आत बासा.
सुरमईच्या पाकिटात बासा.
'खास कोकणचा' त्यातही बासा,
ज्यानं समुद्र पाहिला तो मेल्यावर,
पाकिटावर छापलेला.

डोकं नाही, शेपूट नाही, खवला नाही.
साडेसहाशे अक्षरं, तीही चारच मुळाक्षरांची,
आणि मशीन नाव सांगतं.
शिंत्रे मॅडम म्हणतात, मल्लाव, लिही :
जाहीर केलेली जात.
आढळलेली जात.

हरिपूरला घरी अशीच एक फाईल आहे,
दिगूची. पडताळणीत तीन वर्षं अडकलेली.
एकसष्टच्या आधीचा पुरावा आणा.
आजोबांच्या दाखल्यावर 'भो' दिसतो,
'ई' पुरात गेली.
त्यांनी जन्मभर कृष्णेत नाव घातली
हे नदीला ठाऊक आहे,
पण नदीची सही चालत नाही.

वारणेचं पाणी कृष्णेत शिरतं तिथं
तात्या अंधारात जाळ्यात हात घालायचे.
ही वाम. हा शिवडा.
ही खवली, पोटुशी आहे, सोड तिला.
अंगठ्यानं सांगायचे,
आणि कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

हरिपूर रोडला चिंचेखाली आईचा गाडा.
पाटीवर खडूनं : कृष्णेची वाम, ताजी तळून.
सांगलीहून गाड्या येतात, कागदी ताटल्या मागतात.
नमुना सतरा मी तिथून उचलला.
मॅडमना म्हटलं, तुलनेला असू दे,
खरी वाम कशी असते ते मशीनलाही कळेल.
कढईत गेलं, तिखटात लोळलं,
तरी ते तुटक तुटक उरतंच.

शनिवारी निकाल.
मांगूर. परदेशी. बंदीतला.
नव्व्याण्णव पूर्णांक आठ टक्के.
मी पुन्हा लावला.
पुन्हा मांगूर.

रात्री आई राखेनं कढई घासत होती.
विचारलं, तर हात थांबला नाही.
"वाम? नदीत ऱ्हायलीया कुठं वाम?
गेल्या साली बंधाऱ्यावर मासं पालथं पडून आलं,
तवापास्नं तुझ्या तात्यानं जाळं टांगलंय ते टांगलंयच.
गिऱ्हाईक वाम मागतंय, म्या वाम देतीया.
ऋषीचं कूळ आन् नदीचं मूळ
इचारू न्हाई म्हंत्यात.
तू माशाचं काढत बसलीस."

कढई पालथी घातली.
मग बऱ्याच वेळानं :
"खाणाऱ्याला एकालाबी कळलं न्हाई.
फकस्त तुझा बा गाड्यावरचं खाईत न्हाई."

सतराव्या ओळीत एक रकाना भरलाय, एक नाही.
रविवारभर तो तसाच.

संध्याकाळी पडवीतलं जाळं खाली घेतलं.
शिसं गळून गेलेलं, एका गाठीत
वाळून दोऱ्यासारखं झालेलं काहीतरी, कातडीचं.
चिमट्यानं सोडवलं, नळीत टाकलं.
नमुना अठरा.
जाहीर केलेली जात : काही लिहिलं नाही.

तात्या उठून आले.
काय हाय ते, म्हणाले नाहीत.
नळी घेतली, बूच काढलं,
बोट आत जाईना,
म्हणून तुकडा तळहातावर ओतला,
अंगठा ठेवला,
आणि म्हणाले, वैजू,
जरा लाईट घालीव.